पोर्टलमध्ये नाव घालण्याआधी

पत्राचा सारांश: पत्रलेखिका वीस वर्षांची, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरातली. उंची पाच फूट अकरा इंच. दोन वर्षांपूर्वी बास्केटबॉलच्या पूर्ण शिष्यवृत्तीवर ती अमेरिकेतल्या एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची श्रेणी) कॉलेजात गेली. शिकते कॉम्प्युटर सायन्स. ज्या कोचनी तिला निवडलं, त्या गेल्या उन्हाळ्यात दुसरीकडे गेल्या. या हंगामात तिला सामन्यामागे सरासरी पाच मिनिटं मिळाली, काही सामन्यांत तीही नाहीत. हंगाम संपल्यावरच्या बैठकीत नव्या कोच म्हणाल्या, "तुझ्या जागेवर आम्ही पोर्टलमधून दोघींना आणतोय. पुढचं तू ठरव." बरोबरच्या तिघी त्याच ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, निघाल्या आहेत. बाबा म्हणतात, आहे तिथे टिकून राहा. तिकडेच राहणारा मावसभाऊ म्हणतो, पोर्टलमध्ये गेलीस तर पैसेही मिळतील. दोन महिने गुडघा दुखतोय, ते तिने कुणालाच सांगितलेलं नाही. ती विचारते: "पोर्टलमध्ये जाऊ, इथेच थांबू, की खेळ सोडून फक्त डिग्री पूर्ण करू? बेंचवर बसायला का मी एवढ्या लांब आले?"

प्रिय मैत्रिणी,

कोचचं ते वाक्य तू पत्रात दोनदा लिहिलं आहेस: "पुढचं तू ठरव." तुला ते हाकलून दिल्यासारखं लागलं, आणि लागणारच. माझं लक्ष मात्र त्यातल्या 'तू'वर गेलं, कारण तुझ्या शिष्यवृत्तीचं सगळं गणित त्या शब्दावर उभं आहे.

डिव्हिजन वनमध्ये खेळ कमी पडला, दुखापत झाली किंवा नव्या कोचना तुझी शैली पटली नाही, एवढ्यावरून शिष्यवृत्ती कमी करता येत नाही की बंद करता येत नाही. मोठ्या कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांत) हा नियम आधीपासून होता. ऑगस्ट २०२४ पासून कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने तो सगळ्या डिव्हिजन वनला लागू केला. पण खेळाडूने स्वतःहून संघ सोडला तर कॉलेज मोकळं होतं. पोर्टलमध्ये नाव गेलं की चालू सत्र संपताच शिष्यवृत्ती थांबवायची मुभा त्यांना मिळते. पुढे कुणीच घेतलं नाही आणि तू परत आलीस, तर तुझी जागा राखून ठेवायला ते बांधील नसतात. म्हणजे कोचना तुझी जागा रिकामी हवी असेल, तर त्यांच्यापुढे सोपा मार्ग एकच उरतो: तू आपणहून उठून जाणं. त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्या हातात फार तर पंधरा जागा आहेत आणि त्यांची नोकरी निकालावर टिकते. पण त्यांच्या अडचणीचं उत्तर तू घाईने देऊ नकोस.

म्हणून आज रात्री एक काम कर. शिष्यवृत्तीचा करार काढ आणि वाच. तो एका वर्षाचा आहे की अनेक वर्षांचा, आणि ट्यूशन, फी, पुस्तकं, राहणं, जेवण यांतलं काय काय त्यात आहे, ते पाह. करार वर्षाचा असेल तर पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाचं काय ठरलं, हे कॉलेजने १ जुलैपर्यंत लेखी कळवायचं असतं. नकार आला तर सुनावणी मागायचा हक्क तुला आहे, आणि ती क्रीडा विभागाबाहेरच्या लोकांपुढे होते. परदेशी मुलींना हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही. कंप्लायन्स ऑफिसला (क्रीडा विभागात नियमांचं पालन बघणाऱ्या ऑफिसला) ईमेल करून विचार. तोंडी उत्तरावर भागवू नकोस. त्याच ईमेलमध्ये तुझे खेळायचे किती हंगाम उरले आहेत तेही विचार. तो नियम सध्या हलता आहे, मैत्रिणींच्या माहितीवर विसंबू नकोस.

आता बेंचबद्दल. सामना चाळीस मिनिटांचा, कोर्टवर एका वेळी पाच जणी, म्हणजे वाटायला दोनशे मिनिटं. पंधरा जणींत सारखी वाटली तर प्रत्येकीला तेरा मिनिटं येतात. कुठलाच कोच तशी वाटत नाही. बहुतेक संघांत आठ-नऊ जणींत ती संपतात आणि उरलेल्या सहा-सात जणी तुझ्यासारख्याच बसून असतात, डिव्हिजन वनच्या साडेतीनशेहून अधिक संघांत. पाच मिनिटं याचा अर्थ एवढाच, की या कोचच्या हिशेबात तू दहावी-अकरावी आहेस. त्यावरून तू लायक नाहीस हे ठरत नाही. मात्र 'नव्या ठिकाणी गेले की खेळायला मिळेल' हेही त्यावरून ठरत नाही, आणि तुझं पत्र मनातल्या मनात ते धरून चाललं आहे.

इथे तुला थोडं अप्रिय वाटेल असं लिहिते. महाराष्ट्रात पाच फूट अकरा इंचांची मुलगी बास्केटखाली उभी राहते. तिच्याकडे चेंडू येतो, ती बास्केटकडे पाठ करून एक ड्रिबल घेते, वळते आणि टाकते. शाळेपासून राज्य संघापर्यंत तुझं हेच काम असणार. डिव्हिजन वनमध्ये या उंचीच्या मुली गार्ड म्हणून, बास्केटपासून लांब, खेळतात आणि बास्केटखाली सहा फूट तीन इंचांची मुलगी असते. तिथे तुझी जागा विंगवर, म्हणजे कोर्टच्या कडेला, आहे. विंगवरच्या मुलीला पावणेसात मीटरवरून तीन गुणांचा शॉट यावा लागतो आणि आपल्यापेक्षा चपळ गार्डला अडवता यावं लागतं. तू लिहितेस, "सरावात मी कुणापेक्षा कमी नाही." खरं असेल. पण सरावाचे व्हिडिओ मागून घे आणि एकच गोष्ट पाह: चेंडू बाजूच्या शूटरकडे गेल्यावर तू तिच्यावर धावून जातेस, तेव्हा शेवटची दोन पावलं कशी पडतात. ती लांब पडत असतील, कमर ताठ असेल, तर ती मुलगी शॉटचा नुसता आव आणून तुझ्या शेजारून निघून जाते. मग मदतीला दुसरी धावते, तिची मुलगी मोकळी सुटते आणि समोरच्यांना सोपे गुण मिळतात. आकडेवारीत तुझं नाव कुठेच येत नाही. कोचना मात्र सगळं दिसलेलं असतं. शेवटची दोन-तीन पावलं आखूड, कमर खाली, एक हात वर. बास्केटखाली वाढलेल्या खेळाडूला ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

शॉटचंही तसंच. उन्हाळ्यात मोजून सराव कर: दोन कोपरे, दोन विंग, मधली जागा, अशा पाच ठिकाणांहून प्रत्येकी पन्नास शॉट पडेपर्यंत. एकूण किती टाकल्यावर अडीचशे पडले हे रोज लिहून ठेव. उभ्या-उभ्या पडणारे आणि धावत येऊन पडणारे वेगळे मोज, सामन्यात दुसरेच लागतात. ही वही इथे थांबलीस तरी उपयोगाची आणि गेलीस तरी. नवे कोच तुझा व्हिडिओ बघतील तेव्हा याच दोन गोष्टी शोधतील.

कोचकडे पुन्हा एकदा वेळ माग. "मला का खेळवत नाही?" असं विचारलंस तर त्या बचावावर जातील. "पुढच्या हंगामात मी पंधरा मिनिटं खेळायची असतील तर ऑक्टोबरपर्यंत कोणत्या तीन गोष्टी दिसायला हव्यात?" असं विचार. तीन नेमक्या गोष्टी सांगितल्या तर दार थोडं उघडं आहे. "मेहनत करत राहा" एवढंच आलं, तर या संघात तुझा विचार नाही असं समज. दोन्ही उत्तरं तुझ्या कामाची आहेत.

समजा, दुसरं उत्तर आलं. मग पोर्टलचा विचार जरूर कर, पण तो कसा चालतो ते आधी नीट समजून घे. ठरावीक दिवसांची मुदत असते, त्यात तू लेखी कळवायचं. कळवल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत कॉलेजला तुझं नाव यादीत घालावंच लागतं. नाव जाईपर्यंत दुसऱ्या कॉलेजच्या कोचशी तू बोलायचं नाही, त्यांनीही नाही. मावसभावामार्फत किंवा जुन्या कोचमार्फत निरोप पाठवणंही नियमात बसत नाही. पण सगळ्या संघांच्या खेळाडूंच्या याद्या त्यांच्या वेबसाइटवर असतात. कुठल्या संघातून विंगवरच्या दोन-तीन चौथ्या वर्षाच्या मुली यंदा बाहेर पडल्या, तिथे कॉम्प्युटर सायन्स आहे का, कोच किती वर्षं टिकल्या आहेत, एवढं घरबसल्या कळतं. असे वीस संघ लिहून काढ. सात-आठही निघाले नाहीत तर त्या यादीनेच तुला उत्तर दिलं.

सगळ्यात जास्त मुली अडकतात ते क्रेडिटमध्ये, म्हणजे पास झालेल्या कोर्सेसच्या मोजमापात. डिव्हिजन वनमध्ये तिसरं वर्ष खेळायचं तर डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्यासाठी ६०, पाचव्यासाठी ८०. हे टक्के नव्या कॉलेजच्या, तू निवडलेल्या विषयातल्या डिग्रीवर मोजतात. उदाहरण घे. तुझ्याकडे ६२ क्रेडिट आहेत. नवं कॉलेज म्हणतं, ५४ घेतो. ऐकायला छान वाटतं. पण त्या ५४ पैकी त्यांच्या कॉम्प्युटर सायन्सच्या डिग्रीत ४४च बसतात. डिग्री १२० क्रेडिटची असेल तर ४० टक्के म्हणजे ४८. चार कमी पडले, आणि तू पुन्हा बेंचवर, या वेळी नियमामुळे. चार क्रेडिट उन्हाळी कोर्सने भरून निघतात. बारा कमी असतील तर निघत नाहीत.

अशा वेळी क्रीडा विभागातलं कुणीतरी प्रेमाने सुचवतं, विषय बदल, 'जनरल स्टडीज' घे, सगळी क्रेडिट बसतील. ते ऐकू नकोस, निदान तिथल्या तिथे हो म्हणू नकोस. कॉम्प्युटर सायन्सच्या डिग्रीवर तुला शिक्षणानंतर बारा महिने काम करायची परवानगी मिळते आणि विज्ञान-तंत्रज्ञान विषय म्हणून वर आणखी चोवीस महिने. विषय सोडलास की ते चोवीस महिने गेले. एका हंगामासाठी दोन वर्षांचं काम देऊन टाकायचं का, हा विचार शांत डोक्याने व्हायला हवा. प्रस्ताव आला की सहीआधी त्या विषयाच्या विभागाकडून क्रेडिटचा लेखी हिशेब माग. कोचचं "सगळं होऊन जाईल" पुरेसं नाही.

व्हिसाची बाजू तुझ्या अमेरिकन मैत्रिणींना नाही, म्हणून त्यांचा सल्ला तुला अर्धाच लागू पडतो. तू एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आहेस. कॉलेज बदललंस तर सेविसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली) तुझी नोंद जुन्या कॉलेजने नव्याकडे सोडावी लागते, नवं आय-ट्वेंटी (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र) निघतं, आणि मधला खंड पाच महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. मे ते ऑगस्ट सहज बसतं. खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा पोर्टलमध्ये नाव आहे, शिष्यवृत्ती थांबली आहे आणि कुणी घेतलेलं नाही. तेव्हा व्हिसा टिकवायला सत्राला बारा क्रेडिटची पूर्ण फी घरून भरावी लागेल. बाबा "टिकून राहा" म्हणतात त्यामागे त्यांना ही भीती असेल, शब्दांत मांडता येत नसेल. त्यांच्याशी 'मान-अपमान' सोडून या आकड्यांवर बोल. बोलणं सोपं होईल.

मावसभावाचे पैसे मी थोडक्यात उरकते. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि छायाचित्रावर कमाई करता येते, आणि २०२५-२६ पासून काही कॉलेजं थेट वाटाही देतात. त्यातला मोठा हिस्सा अमेरिकन फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो. पाच मिनिटं खेळणाऱ्या फॉरवर्डसाठी तिथे थैल्या उघडत नाहीत. शिवाय एफ-वनवर जाहिरातीचं काम हे विनापरवाना काम ठरू शकतं. उन्हाळ्यात शेजारच्या मुलांना रोख घेऊन शिकवणंही त्यातच येतं, आणि ही चूक मुली अगदी निरागसपणे करतात. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसने लेखी हो म्हटल्याशिवाय कशावरही सही करू नकोस. दुसरीकडे, शिष्यवृत्तीतल्या राहण्या-जेवणाच्या भागावर तुझ्याकडून १४ टक्के कर कापला जातो तो पाह. भारतीय विद्यार्थ्यांना दोन्ही देशांच्या करारामुळे प्रमाणित वजावट मिळते; विवरणपत्र भरलंस तर त्यातले काही पैसे परत येऊ शकतात.

तू लिहितेस, "डिव्हिजन टूमध्ये गेले तर लोक म्हणतील, खाली घसरली." कुठले लोक? तुझ्या गावात हा फरक किती जणांना माहीत आहे? डिव्हिजन टूमधल्या चांगल्या संघातली पंचवीस मिनिटं तुझा खेळ जितका वाढवतील, तितका डिव्हिजन वनच्या बेंचवरून टाळ्या वाजवून वाढणार नाही. जिमी बटलर हा खेळाडू 'टायलर' या बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून मार्केट युनिव्हर्सिटीत गेला आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत) तिसावा निवडला गेला. एनबीएतलाच स्टेफन करी डेव्हिडसनसारख्या लहान कॉलेजात खेळला, कारण मोठ्यांनी त्याला घेतलंच नव्हतं. डिव्हिजन टूमध्ये खरा प्रश्न पैशाचा आहे. तिथे शिष्यवृत्त्या बहुधा तुकड्यांत वाटतात. साठ टक्के मिळाली तर उरलेल्या चाळीस टक्क्यांची रक्कम आय-ट्वेंटीसाठी बाबांच्या खात्यात दाखवावी लागेल. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच, अभ्यासाची असू शकते. प्रस्ताव आला की एकच आकडा माग: वर्षाला आमच्या खिशातून किती?

आणि पुढचं? कविता अकुला २०१४ मध्ये ग्रँड कॅनियन युनिव्हर्सिटीत गेली, तेव्हा डिव्हिजन वनची शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली भारतीय मुलगी होती. ती वाट अजून नवी आहे आणि तू त्या वाटेवर आहेस, हे लहान नाही. पण डब्ल्यूएनबीएमध्ये (अमेरिकेच्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये) एकूण जागा दोनशेच्या आत आणि डिव्हिजन वनमध्ये खेळणाऱ्या मुली पाच हजारांच्या आसपास. भारतात परतून खेळायचं तर रेल्वेचा महिला संघ आहे आणि राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी ठरावीक राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. अमेरिकन कॉलेजचे सामने त्यात धरले जातील असं समजून चालू नकोस. म्हणून डिग्री हा खेळ फसल्यावरचा आधार आहे, हे तुझं गृहीतक मला पटत नाही. तू तिथे दोन गोष्टी कमवायला गेलीस, आणि त्यातली एक आत्ता नीट चालली आहे.

खेळ पूर्ण सोडायचा पर्याय मी तुझ्या जागी शेवटी ठेवला असता. आपणहून सोडलास तर शिष्यवृत्तीही जाऊ शकते, हे वर आलंच. हंगामात आठवड्याला वीस तासांची मर्यादा कागदावर असते. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी त्यात तीनच तास धरतात, आणि बसचा प्रवास, पट्ट्या बांधणं, बर्फ लावणं मोजतच नाहीत. तू थकली आहेस ते खरं आहे. पण एप्रिलमधला थकवा आणि खेळाचा कंटाळा या दोन गोष्टी सारख्याच वाटतात. तीन आठवडे चेंडूला हात न लावता काढ आणि मग हात शिवशिवतात का पाह. पोर्टलची मुदत त्याआधी संपत असेल, तर यंदा थांबायचं असं धरून चाल.

मला सगळ्यात जास्त काळजी गुडघ्याची वाटते. वाटीच्या लगेच खाली, उडी मारताना आणि जिना उतरताना दुखतं असं तू लिहिलं आहेस. उडी मारणाऱ्यांचा स्नायुबंध असाच दुखतो, पण ते तपासणाऱ्यानेच ठरवायचं. तसं असेल तर नुसत्या विश्रांतीने तो बरा होत नाही. पाय ठरावीक कोनात वजनाविरुद्ध पंचेचाळीस सेकंद स्थिर धरायचे पाच फेरे, मग सावकाश, वजन घेऊन बैठका, असं दोन-तीन महिने ट्रेनरच्या (संघाच्या दुखापती बघणाऱ्याच्या) देखरेखीखाली चालतं. दुखणं लपवलंस तर उन्हाळ्यातले ते अडीचशे शॉटही होणार नाहीत. शिवाय नोंद हवी. खेळातल्या दुखापतीसाठी कॉलेज सोडल्यावरही दोन वर्षांपर्यंत विम्याचं संरक्षण मिळतं, पण दुखापत तिथे असतानाची होती हे कागदावर नसेल तर ते मागायचं कशाच्या जोरावर? उद्या सकाळी ट्रेनरची ट्रेनिंग रूम उघडली की जा, कधीपासून दुखतंय ते तारखेसह लिहून घ्यायला सांग, आणि त्या नोंदीची एक प्रत स्वतःजवळ ठेव.